धुरपताबाईंचा सिंह

वालूरच्या धुरपताबाईंचा उभा जन्म ज्वारीतली हरणं हाकलण्यात गेला, आणि नात राजनंदिनीनं त्यांना नेलं कुठं, तर केनियात प्राणी पाहायला! आज्जी मात्र साऱ्या गल्लीला सांगून निघाल्या होत्या, "शिंव्ह बघूनच येते." शेवटचा दिवस उजाडला, तरी तो काही दिसेना.

"आज्जी, इथं वरडायचं न्हाई हं," नातीनं पुन्हा बजावलं. समोर हजारो हरणं बिनघोर चरत होती. आज्जींचा घसा नुसता शिवशिवत होता. त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला.

तेवढ्यात गाइडनं बोट दाखवलं. गवतात सिंहाचे कान! साऱ्या जीपनं श्वास रोखला. कान हळूहळू एका पाडसाकडे सरकू लागले.

आज्जींचा पदर सुटला. "हाऽऽऽड! पळ की रं लेकरा!"

कळप धुरळा उडवत पसार झाला. शिकार हुकलेला सिंह ताडकन उभा राहिला आणि आयाळ झटकून थेट जीपकडे पाहू लागला.

"आज्जी, काय केलंस हे!"

"काय केलं म्हंजी? मघापस्तोर नुस्ते कान दिसायलते. आता समदा दिसायलाय की! फोटू काढ, फोटू!"