मामाची ठिगळाची टोपी

जगात टोपीने गणित शिकवणारा एकच माणूस झाला, आणि तो माझा मामा होता. मुळशीकडच्या पोरांना तो बीजगणित शिकवी. त्यातही असमीकरणांवर त्याचा जीव. नेमकं उत्तर त्याला कोतं वाटे. पाहुणे किती येणार विचारलं तर म्हणे, “पाचापेक्षा जास्त, दहापेक्षा कमी.” मामी ओरडे, “आवं, मग तांदूळ किती घिऊ?” वजा दोन क्ष सहापेक्षा लहान असेल, तर क्ष वजा तीनपेक्षा मोठा. वजा संख्येने भागलं की चिन्हाचं तोंड फिरतं, हे पोरं हमखास विसरत. म्हणून चिन्ह फिरवताना मामा डोक्यावरची काळी टोपीही फिरवी. मागचं ठिगळ कपाळावर येई आणि तास संपला तरी तिथेच राही. बाजारात कुणी हसलं की म्हणे, “उलटी न्हाई, आता बरूबर हाय.”

मॅट्रिकच्या परीक्षेला पौडला देखरेखीवर जाताना मात्र तो टोपी घरीच ठेवी. बोडका माणूस म्हणजे सुतकातला. पहिल्या वर्षी एसटी थांब्याजवळच्या हॉटेलवाल्याने दबक्या आवाजात विचारलं, “मास्तर, कोण गेलं?”

“कुणी न्हाई. परीक्षा हाय.”

एका वर्षी गंगू परीक्षेला बसली. डोंगरातल्या वाडीवरची, वर्गातली एकुलती एक मुलगी. नापास झाली तर बाप लगेच तिचं लग्न उरकणार होता. आणि ती चिन्ह फिरवायला हटकून विसरे. मी तेव्हा खिशात चळवळीची पत्रकं घेऊन हिंडायचो. मामाला म्हणालो, “पिढ्यान्‌पिढ्या पोरींना अडवलं. तू एक टोपी फिरवलीस तर कुणावर अन्याय होतो?”

“आरं, मग पास टोपी हुईल. तिला काय मिळंल?”

मी संतापून उठून गेलो.

गंगू पास झाली. पेढे द्यायला आली तेव्हा सांगू लागली, “वजानं भागलं आन्‌ मास्तरांकडं बघितलं. डोकं उघडं! मंग मीच येणी पाठीवरनं फुडं घेतली, आन्‌ चिन्ह फिरवलं.” मामाने टोपी तेवढी फिरवली.

आज ती रिह्याच्या शाळेत मास्तरीण आहे. टोपी फिरवायला हवी होती, असं माझं अजूनही मत आहे. भांडायला मामा मात्र नाही. तो गेला त्या सकाळी नातेवाइकांना तारा करायला मी बोडक्यानेच पौडला गेलो. हॉटेलवाल्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं, चहाचा कप पुढे सरकवला.

“आज परीक्षा हाय व्हय?”

मला लगेच ‘नाही’ म्हणवलं नाही.