डावीकडची टाटपट्टी

डॉक्टरांनी कागद माझ्यासमोर सरकवला तेव्हा त्यावर दोन रेघा होत्या. लाल रेघ वरच्या बाजूला, जवळपास आडवी. निळी रेघ सुरुवातीलाच खाली आणि पुढे आणखी खाली गेलेली.

"लाल म्हणजे उजवा कान, निळी म्हणजे डावा," ते म्हणाले. "उजव्यात थोडंसं कमी आहे, चालून जाईल. डावा मात्र बराच गेलेला आहे. आणि हे काल-परवाचं नाही, गुरुजी. पाच-सहा वर्षं तरी झाली असतील. वर्गात कधी अडचण नाही आली?"

मी नाही म्हणालो. मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच अडचण आली नव्हती.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यात भाड्याच्या खोलीत राहायचो आणि रोज सायकलने जंगलातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला जायचो. शाळा चौथीपर्यंत, खोली एकच. दुसऱ्या शिक्षकाची जागा बहुतेक रिकामीच असायची, त्यामुळे चारही वर्ग माझ्यापुढे एकत्र बसायचे. मुलं गोंडी बोलणारी. मी चंद्रपूरचा, घरची बोली हिंदी, शिक्षण मराठीत, आणि गोंडी कामापुरती मोडकीतोडकी.

कान गेल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते अब्बांच्या दुकानात. त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. ईदला घरी गेलो होतो. त्यांनी नुकतंच दुरुस्त केलेलं एक मनगटी घड्याळ माझ्या हातात दिलं. मी ते डाव्या कानाला लावलं आणि सांगितलं, बंद आहे. अब्बांनी ते काढून घेतलं, स्वतःच्या कानाला लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गिऱ्हाइकासमोर त्यांची अब्रू घेतली. मग त्यांनी ते माझ्या उजव्या कानाला लावलं. टिकटिक स्पष्ट येत होती.

"कल डॉक्टर के पास जाना," एवढंच म्हणाले.

नसीमला, माझ्या बायकोला, हे सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. ती कितीतरी वर्षं रस्त्याने माझ्या उजवीकडूनच चालत होती. मला तसंच आवडतं अशी तिची समजूत होती. घरातल्या माणसाला बरंच आधी कळलेलं असतं, फक्त ते काय कळलंय हे त्यालाही ठाऊक नसतं. तुमच्या घरी कुणी न सांगता बाजू बदलून बसत असेल तर त्याला एकदा कारण विचारा.

तपासण्या त्रासाच्या नाहीत, हे घाबरणाऱ्यांसाठी सांगतो. आधी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे एक लोखंडी चिमटा. तो वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवतात आणि आवाज कुठं येतो ते विचारतात. मला उजवीकडे आला. मग ऑडिओमेट्री. काचेच्या लहानशा खोलीत बसवून कानात बारीक बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बोट वर करायचं. डावा कान तपासताना उजव्या कानात मुद्दाम वारा सुटल्यासारखा आवाज भरून ठेवतात. मी कारण विचारलं. तंत्रज्ञ म्हणाले, "चांगला कान फार मदतीचा असतो हो. वाईट कानाचं काम तोच करून टाकतो आणि तुम्हाला पत्ता लागू देत नाही."

निदानाचं नाव सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे पडदा, हाडं सगळी ठीक. आतली नस आवाज पुढे नेत नाही. याला औषध नाही, ऑपरेशन नाही, फक्त कानाला लावायचं ऐकण्याचं मशीन मिळतं. मी कारण विचारलं. लहानपणी गालगुंड झाले होते, जंगलात आल्यावर दोनदा मलेरिया झाला होता. डॉक्टर म्हणाले, "काहीही असू शकतं. कारण सापडलं म्हणून कान परत येत नाही." पण एकाच बाजूचा कान एवढा गेला की आत नसेवर गाठ नाही ना, हे बघावं लागतं. त्यासाठी नागपूरला स्कॅन करायचं ठरलं.

त्या दिवशी चंद्रपूरहून परत येताना बसमध्ये डॉक्टरांचा प्रश्न डोक्यात राहिला. वर्गात अडचण नाही आली? मी डोळे मिटून वर्ग आठवू लागलो. उत्तर कोण देतं? गणू देतो, रामसू देतो, डोळ्यांवर केस येणारा तो चौथीतला देतो. सगळे मुलगे. मुलगे माझ्या उजव्या हाताला बसायचे. मुलींची टाटपट्टी डावीकडे, दाराजवळ. ही पद्धत मी यायच्या आधीपासूनची होती आणि ती बदलावी असं कुणाला वाटलं नव्हतं.

मुली उत्तर देत नाहीत हे मला सहा वर्षं माहीत होतं. मी त्यावर विचारही केला होता. नुसता विचार नाही, लिहून दिलं होतं: मुली संकोची आहेत, घरी गोंडी बोलतात, मराठी प्रश्न त्यांना कळत नाही. केंद्राच्या मासिक बैठकीत मी ते वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आजूबाजूच्या तीन-चार शाळांनी तेच आपल्या वहीत उतरवलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर वाकड्या अंगणावर अहवाल लिहिला होता.

त्यात मैनी होती. तिसरीत दोन वर्षं बसलेली. तोंडी परीक्षेत मी तिला शून्याच्या आसपास गुण द्यायचो. श्रुतलेखनात तिच्या ओळी अर्ध्यावर सुटायच्या. तिचे वडील, सोमाभाऊ, जानेवारीतच शाळेत येऊन सांगून गेले होते, "गुरुजी, यंदा पास झाली तं ठीक. नाई तं पुरे आता शाळा. घरी लहान पोरगं हाये, त्याले पाहीन थे." मी त्यांना समजावलंही नव्हतं. माझंही मत तेच होतं.

आता शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी काय केलं असतं? मुलींना उजवीकडे बसवलं असतं. मी तीन आठवडे काही केलं नाही. जागा बदलली की लोक कारण विचारणार, कारण सांगितलं की बात वर जाणार, आणि बहिरा मास्तर ठेवायचा की नाही यावर कागद फिरणार, अशी मला भीती होती. मशीन आलं की सगळं आपोआप ठीक होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. परीक्षा एप्रिलमध्ये होती.

नागपूरला स्कॅन झालं. रिपोर्टसाठी थांबायला लांब बाकडं होतं. माझ्या डावीकडे बसलेले एक आजोबा माझ्याशी बराच वेळ बोलत होते, हे समोरची बाई हसली तेव्हा मला कळलं. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "चालते. माझ्या घरी बी असंच हाये, अन् तिथी तं सगळ्यांचे कान चांगले हायेत." रिपोर्टमध्ये गाठ नव्हती. मी बाहेर येऊन चहा प्यालो आणि बस पकडली.

मशीन फेब्रुवारीच्या शेवटी मिळालं. कानामागे बसणारं, वाटाण्याच्या शेंगेएवढं. कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतात आणि त्या मापाचा तुकडा करून देतात. तंत्रज्ञांनी आधीच बजावलं होतं, "हे आवाज मोठा करतं, शब्द साफ करत नाही. डोक्याला पुन्हा सवय लागावी लागते. दोन-तीन महिने कंटाळू नका."

मी कंटाळलो पहिल्याच दिवशी. सायकलची साखळी, वाळलेला पाला, स्वतःचं गिळणं, सगळं एकाच मापात कानात ओतलं जात होतं. टोपी खाली ओढली की मशीन शिट्टी मारायचं, आणि टोपी मी मशीन लपवायलाच घातली होती. चोराच्या मनात चांदणं. मुलं शिट्टी कुठून येते ते छताकडे बघून शोधायची.

मी खुर्चीवर बसून मैनीला प्रश्न विचारला. तिचे ओठ हलले. मशीनमधून टाटपट्टीची खसखस आली, बाहेरची शेळी आली, पाटीवर घासलेली पेन्सिल आली. त्या सगळ्यात मैनी कुठं होती ते मला कळलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. महिनाभर असंच चाललं आणि मार्च संपत आला.

मग एक दिवस मी खुर्चीवरून उठलो आणि मुलींच्या टाटपट्टीवर जाऊन बसलो, मैनीच्या डाव्या हाताला, म्हणजे माझा उजवा कान तिच्याकडे होईल असा. बाकीच्या मुली सरकल्या. गुरुजी खाली बसले म्हणजे काहीतरी मोठी चूक झाली असणार, असं त्यांना वाटलं असावं.

मी म्हटलं, वाच. तिने तिसरीचा धडा वाचला. पुस्तकाकडे पाहिलंही नाही. मी पान उलटलं, तिने तो धडाही म्हटला. मग मी चौथीचं पुस्तक मागवलं. ते ती बघून वाचू लागली, अडखळत, पण बरोबर. सोळाचा पाढा विचारला. आला. आवाज बारीक होता, पण एवढा बारीक नव्हता की शेजारच्याला ऐकू येऊ नये.

"चौथीचं कुठं शिकलीस?"

"इथीच. तुमी चौथीले शिकवत होते तवा."

"मग आजपर्यंत सांगितलं का नाही?"

"सांगत होती, गुरुजी. रोजच सांगत होती. तुमी तिकडेच पाहत होते. लिवाले सांगत तवा बी पोरायचं झालं का पुढं जात होते. मंग पोरी म्हणाल्या, राहू दे, गुरुजीले आपलं ऐकाचं नाई."

मला फार लाज वाटली. आजारपणात माणसाला स्वतःची दया येते, तशी मलाही येत होती, ती त्या क्षणी गेली.

मी तिथंच बसून सगळ्या मुलांना सांगितलं की माझा डावा कान ऐकत नाही, आणि टोपी काढून मशीन दाखवलं. त्यांना भीती वाटली नाही. चौथीतल्या एकाने हात लावून बघू का म्हणून विचारलं. मी बघू दिलं.

त्या आठवड्यात मी केंद्रप्रमुखांना अर्ज लिहिला. मुलींबद्दलची माझी नोंद चुकीची आहे, कारण माझा डावा कान. आणि मैनीची परीक्षा माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी, तिसरीची आणि चौथीचीही, घ्यावी. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "अहो, हे लिहून कशाले देता? पोरीले पास करून टाका, विषय संपला." मलाही तसंच करावंसं वाटत होतं. पण माझं ते वाक्य इतर शाळांच्या वहीतही जाऊन बसलं होतं. अर्ज मी परत घेतला नाही.

पुढच्या बैठकीत मी तोच मजकूर उभा राहून वाचला. कुणी हसलं नाही. चहाच्या वेळी शेजारच्या शाळेतल्या एक बाई जवळ आल्या. म्हणाल्या, "सर, माझे दोन्ही कान चांगले आहेत. तरी मी तुमचंच वाक्य उतरवलं होतं." मी त्यांना बशीत चहा ओतून दिला.

वैद्यकीय मंडळापुढे जावं लागलं. गडचिरोलीला दोन खेपा झाल्या. यंत्र लावून काम करण्यास योग्य, असा दाखला मिळाला. ज्याला मी घाबरत होतो ते एवढंच होतं. एक कान गेलेल्यांना माझं सांगणं असं की मशीन घ्या, रोज लावा, पावसाळ्यात ते डबीत कोरडं ठेवा. पण त्याआधी लोकांना सांगा. मशीनला सवय लागायला महिने लागतात, सांगायला एक मिनिट. न सांगता तुम्ही जो वेळ काढता तो दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातून जातो. चंद्रपूरच्या डॉक्टरांचा, त्या तंत्रज्ञांचा आणि अब्बांचा मी ऋणी आहे.

मैनीची परीक्षा दुसऱ्या शाळेच्या गुरुजींनी घेतली. ती दोन्ही वर्गांत पास झाली आणि पाचवीला आश्रमशाळेत तिचं नाव घालायचं ठरलं.

हे सगळं झाल्यावर मी सोमाभाऊंच्या घरी गेलो. खरं तर तिथं आधी जायला हवं होतं. साहेबांना सांगणं सोपं वाटलं म्हणून ते आधी केलं. तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम होता. सोमाभाऊ अंगणात पानांची पुडकी बांधत बसले होते. मी प्रगतिपत्रक दिलं आणि सगळं सांगितलं. मुलगी ढ नव्हती. ती सांगत होती, मी ऐकत नव्हतो. तिची दोन वर्षं माझ्यामुळे गेली.

त्यांनी हातातलं पुडकं पूर्ण बांधलं. मग म्हणाले, "गुरुजी, दोन वरसं झाली, मी तिले शाळेचं एक शब्द इचारलो नाई. तिले काई येत नाई असं तुमीच म्हणलं होतं. इचारलं तं तिले वाईट वाटन म्हणून."

त्यांनी मैनीला हाक मारली. ती भावाला कडेवर घेऊन आली. सोमाभाऊंनी तिला गोंडीत काहीतरी विचारलं. शाळेत काय शिकलीस, एवढं मला कळलं.

ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग भावाला खाली ठेवून बापासमोर बसली आणि बोलायला लागली. तिची गोंडी भराभर होती, मला चार शब्दांतला एखादा लागत होता. सोमाभाऊंनी पानं बाजूला सारली होती. सावल्या लांब झाल्या, माझी निघायची वेळ टळून गेली, मी सायकल काढली, तरी ती अजून सांगतच होती.