कावळ्यांची तोंडं नाल्याकडे होती

जम्मूच्या डोंगरात आमची पोस्ट होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. माझा तांडा सेनगावजवळचा. माझ्या सेक्शनमध्ये लान्स नाईक भास्कर होता, वसमत तालुक्यातल्या हट्ट्याचा. एकाच जिल्ह्याचे आम्ही, म्हणून ड्यूटीवर तो मला उस्ताद म्हणायचा आणि ड्यूटी संपली की दादा.

०५३० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज, ०७०० ला नाश्ता. नाश्त्याला डोमकावळे हजर. भास्कर पुरीचा पहिला तुकडा त्यांना टाकायचा. मी मात्र साबण पळवला म्हणून पहिल्याच आठवड्यात एकाला दगड मारला आणि त्याचा पाय कायमचा लंगडा केला. तेव्हापासून मी बंकरबाहेर आलो की सगळी जमात डोक्यावर कावकाव करायची. एकदा पैज लागली. भास्करनं माझं जॅकेट आणि टोपी घातली, मी त्याची. कावळे फसले नाहीत. त्याच्यापुढे पुरीला बसले आणि शिव्या मला दिल्या. त्या साली उडायला लागलेल्या पिल्लांनीही दिल्या, ज्यांनी तो दगड पाहिलाच नव्हता. जवान पोट धरून हसले. मीही हसलो, पण थोडं लागलं.

त्या दिवशी ०६१५ ला पेट्रोलिंग पार्टी निघाली, आठ जण. भास्कर स्काउट म्हणून पुढे, मी त्याच्या मागे. कावळे रोजच्यासारखे सोबत. नाल्याच्या चाळीसेक पावलं अलीकडे ते शेंड्यांवर बसले आणि एकदम ओरडायला लागले. भास्करनं मूठ वर केली. सगळे थांबले.

"उस्ताद, हे कुणाला तरी बोलून राहिले."

"मलाच. रोजचंच हाय."

"न्हाई. तोंडं नाल्याकडं हायत."

मी मान वर केली, एवढंच. पाहिलं असं म्हणता येणार नाही. उशीर होत होता, मागचे जवान ऐकत होते, आणि कावळ्यांच्या सांगण्यावरून पार्टी थांबवली अशी थट्टा मला मेसमध्ये नको होती. मी म्हणालो, "चल."

हुकूम होता. तो गेला.

०७०५ ला नाल्यातून गोळ्यांचा बर्स्ट आला. "अल्फा, काँटॅक्ट. एक कॅज्युअल्टी. ओव्हर." वायरलेस सेटवर मीच बोललो. नाल्यात दबा धरून बसलेले दोन्ही अतिरेकी मारले गेले. हेलिकॉप्टर येईपर्यंत भास्कर राहिला नाही. रिपोर्टमध्ये मी कावळ्यांचं काही लिहिलं नाही.

एकाच जिल्ह्याचा म्हणून बॉडीसोबत मलाच पाठवलं. दहाव्यापर्यंत हट्ट्यातच थांबलो. नदीकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसले होते, पण एकही खाली येईना. भास्करचा भाऊ म्हणाला, बहिणीचं लग्न मी करीन. मामा म्हणाले, आईला अंतर देणार नाही. कावळा शिवेना. अकरा वाजले. खरा कावळा येत नाही तेव्हा दर्भाचा करून पिंडाला लावतात, तो करायला गुरुजींनी घेतला.

तेव्हा भास्करची आई माझ्याजवळ आली. "तुमी सोबत होते. काय राह्यलं हो त्याचं?"

मी सगळं सांगितलं. सीओ साहेबांना रिपोर्ट द्यावा तसा सावधान उभा राहून सांगितलं. दगड, पुरी, नाला, आणि माझं ते 'चल'. ती रडली नाही, मलाच रडू आलं. मग म्हणाली, "तुमी जरा बाजूला व्हा, बाबा."

मी काठावर लावलेल्या जीपच्या मागे जाऊन उभा राहिलो. कावळा आला.

लोक म्हणाले, परका माणूस, त्यात युनिफॉर्म, भ्यालं असेल पाखरू. तसंही असेल. निघताना आईनं भाकरी बांधून दिली, बोलली मात्र नाही. तिनं मला माफ केलं की दूर केलं, हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

आता मी पेन्शनवर तांड्यातच असतो. कावळे ओरडले की हातातलं काम टाकून त्यांची तोंडं कुणीकडं आहेत ते बघतो. बायको म्हणते, तुम्हाला याडच लागलंय. भास्करच्या तिथीला सकाळी अंगणात पुरी ठेवतो. लान्स नाईक भास्कर, असं रँकसकट नाव घेतो, आणि बाजूला होतो.