सत्तावीस वाक्यं आणि एक मिक्सर

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली. आधी म्हटलं, ताजी आहे, जरा शिळी होऊ दे. मग म्हटलं, आता शिळी झाली, कशाला उकरायची. मधल्या काळात माझे दोन्ही मोतीबिंदू निघाले, एक गुडघा बदलला, पण ही गोष्ट आहे तिथंच आहे. गुडघ्याला निदान गोळी तरी मिळते, म्हणून लिहायला बसलो.

मी राहात्याजवळच्या एका गावात मराठीचा मास्तर होतो. निवृत्त झाल्यावर माणसाला एक तर मधुमेह होतो किंवा छंद लागतो. मला दोन्ही झालं. पुण्याच्या मुलानं एक माइक आणि त्याचा जुना लॅपटॉप आणून दिला. "बाबा, तुमचा आवाज चांगला आहे. काहीतरी वाचून रेकॉर्ड करत जा," म्हणाला. त्याचा खरा हेतू मी दिवसातून तीनदा फोन करणं थांबवावं, हा होता.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा मी विहिरीत पडून वाचतोय असं वाटलं. मुलगा म्हणाला, रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटतो, भिंती मऊ करा. कुणीतरी सांगितलं, अंड्यांचे ट्रे लावा. आमचं घर माळकरी. मी साठ रिकामे ट्रे स्कूटरला बांधून भर दुपारी गावातून आणले. दोन दिवसांत गावभर झालं की सरांनी माळ उतरवली आणि मधुमेहावर ट्रेनं अंडी खातात. बरं, त्या ट्रेंनी आवाजात काडीचा फरक पडला नाही. मग मी भिंतींवर गोधड्या टांगल्या, खिडकीला बारदान ठोकलं, दाराला गादी उभी केली. 'प' आणि 'फ' म्हणताना माइकवर फुंकर बसायची, म्हणून बायकोचं चहाचं गाळणं पळवलं, त्यावर पायमोजा ताणला आणि ते माइकपुढे बांधलं. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायला मी हमखास विसरायचो.

"अहो, दूध नासलं," बायको बाहेरून ओरडायची. "आवाज तरी सुधारला का?"

सुधारला होता, खोटं कशाला बोलू. मी आवंढा गिळलेलासुद्धा ऐकू यायचा. पण एवढं स्वच्छ ऐकायची सवय लागली की माणूस बिघडतो. लग्नात मंगलाष्टका चालू असायच्या आणि मला फक्त स्पीकरची घरघर ऐकू यायची. नवरा-नवरी कोण होते ते जेवताना विचारायचो.

माझा एक वर्गमित्र बाजार समितीत पेरू-डाळिंबाचे लिलाव पुकारायचा. भाव चढवायला लागला की त्याचा आवाज शेड ओलांडून रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत जायचा. जोडीला तंबाखू. शेवटी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. सोमवारी भरती व्हा.

गुरुवारी दुपारी तो वहिनींना घेऊन माझ्याकडे आला. हातात कुणाची तरी लग्नपत्रिका, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात वाक्यं लिहिलेली.

"मास्तर, एवढी भरून दे मोबाईलमधी. बटन दाबलं की माझ्या आवाजात वाजलं पायजे."

मोजली तर सत्तावीस होती. उरलेल्या आयुष्यात आपल्याला काय काय बोलावं लागेल, याचा त्यानं आठवडाभर विचार केला होता. 'चहा टाक.' 'कोन हाय?' 'मोटार बंद कर.' 'मीठ कमी हाय.' 'मला इचारून केलं हुतं का?' सत्तावीसांपैकी नऊ शिव्या होत्या.

"नऊ कशाला रे?"

"मानसं येगयेगळी असत्यात, मास्तर. एकच शिवी सगळ्यांना कशी पुरंल?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, अजून एक भरायला सांगा त्यांना. माझं नाव."

"नाव?"

"चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला. 'अगं', 'ए' आणि 'कुठं मेली', एवढ्यावर भागवलं. आता बटनावर तरी नाव असू द्या."

लिलावात शेकडो माणसांपुढं ओरडणारा माणूस कानापर्यंत लाल झाला. "म्हातारपनी काय ह्ये! लग्नात उखाना घेतला हुता की."

"तो तुमच्या बहिणीनं घेतला. तुमी नुसते दात काढले."

वहिनी माझ्या बायकोबरोबर स्वयंपाकघरात गेल्या आणि आम्ही दोघं माइकपुढं बसलो. आवाज आधीच फाटला होता, पण त्याचाच होता. वीस मिनिटांत त्यानं सत्तावीस वाक्यं संपवली. शिव्या तर इतक्या मन लावून दिल्या की मला कुणाकुणाचे चेहरे दिसले. मग त्यानं डोळे मिटले आणि वहिनींचं नाव घेतलं. लिलावाच्या पट्टीत नाही, एकदम खालच्या आवाजात. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते घ्यायचा मान त्याचा.

ते घरी गेल्यावर मी हेडफोन लावून ऐकलं. गळीत हंगाम चालू होता. चौथ्या वाक्यामागून उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणं वाजवत गेला होता. आणि बरोब्बर त्या नावाच्या मागे आमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर. शेंगदाण्याची चटणी वाटली जात होती. मी त्याला फोन लावला.

"उद्या परत ये. पुन्हा घेऊ."

"का? भरलं न्हाई व्हय?"

"भरलंय, पण मागं मिक्सर आहे."

"आसंना मिक्सर. घरात मिक्सर आसतोच की."

"क्वालिटी नाही रे."

"मला काय रेडिओवर जायाचंय का?" असं म्हणाला, पण येतो म्हणाला.

फोन ठेवला आणि मी ती फाईल पुसली. ठेवली असती तर काय बिघडलं असतं? बिघडलं एवढंच असतं की तो म्हणाला असता, हीच चालंल. ती घेऊन पारावर जाऊन वाजवली असती. आणि कुणीतरी म्हणालं असतं, सरांनी केलंय व्हय हे, मागं चटणी वाटत्यात. एवढ्यासाठी पुसली. फळा पुसायची जन्माची सवय, म्हणून लॅपटॉपमधली कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केली.

शुक्रवारी मी जय्यत तयारी केली. पंखा, फ्रिज, घड्याळ, सगळं बंद. बायकोला बजावलं की भांडं वाजलं तर बघ. मित्राच्या डोक्यावरून आणखी एक गोधडी टाकली, कारण तंबूत आवाज फार छान येतो. तिसऱ्या वाक्याला त्याला खोकल्याची उबळ आली. मानेच्या शिरा फुगल्या.

"मास्तर, जीव गुदमारतोय."

आणि मी म्हणालो, "जरा थांबून घेऊ. खोकला फार येतोय रेकॉर्डिंगमध्ये."

दाराच्या फटीतून वहिनी बघत होत्या. त्या आत आल्या आणि त्यांनी गोधडी ओढून काढली. उद्या बघू, असं ठरलं. शनिवारी सकाळी हॉस्पिटलचा फोन आला की खाट रिकामी झाली आहे, आजच या.

महिन्याभरानं तो घरी आला. गळ्याशी भोक, त्यावर पांढरी जाळी. मी भेटायला गेलो तर त्यानं आधी मोबाईल पुढं केला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते गुरुवारचं द्या. मिक्सरचं असलं तरी चालंल."

"फाईल उडाली, वहिनी."

"कशानं?"

"लाईटचं काहीतरी झालं. व्होल्टेज."

त्या हळूच म्हणाल्या, "मी मिक्सर लावला होता. त्यानं गेली का?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी दोन वापरले. म्हणालो, "असू शकतं."

मित्राचं म्हणाल तर त्याचं बरं चाललंय. नातीनं त्याच्या मोबाईलमध्ये, लिहिलेलं वाचून दाखवणारी सोय करून दिली आहे. आवाज एका तरुण बाईचा, बातम्या देणाऱ्यांसारखा. तीच बाई आता त्याच्या नऊही शिव्या शुद्ध उच्चारांत देते आणि बाजार समितीतली पोरं मुद्दाम त्याला डिवचतात. "आबा, पुन्हा एकदा म्हना की! बाई लई गोड देते." तोही आवाज न करता हसतो, सगळं पोट हलवून.

वहिनींना मात्र तो टाळ्या वाजवून बोलावतो. दोन टाळ्या. नाव टाइप करून त्या बाईच्या तोंडून घ्यायला तो तयार नाही, आणि वहिनींनाही ते चालत नाही. आमच्याकडे आल्या की त्या बायकोला मिक्सर लावू देत नाहीत. चटणी खलबत्त्यात कुटतात. "नको बाई, भाऊजींचं आत काही चालू असंल. माझ्या हातानं एकदा गेलंय तेवढं पुरे." हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही त्यांनी हेच सांगितलेलं मी खोलीत बसून ऐकलंय. गोधड्यांमधूनसुद्धा स्पष्ट आलं.

सांगायला मी तीनदा गेलो. एकदा त्यांनी चहा दिला आणि मी पेरूच्या भावावर बोलून परत आलो. एकदा नातवंडं होती. तिसऱ्यांदा त्या एकट्याच होत्या, म्हणजे मला काहीच सबब नव्हती, तरी मी खतांविषयी बोललो. मग ठरवलं, रेकॉर्ड करून पाठवू. घरीच केलं, खोली आता आहेच झकास. पहिल्यांदा 'स' शिट्टीसारखा आला. दुसऱ्यांदा बाहेर कावळा ओरडला. तिसऱ्यांदा सगळं निर्दोष होतं, आणि ऐकल्यावर वाटलं की हा माणूस वक्तृत्व स्पर्धेत बोलतोय. तेही पुसलं.

तर आता लिहूनच टाकतो. वहिनी, मिक्सर चालू होता हे खरं, पण फाईल त्यानं गेली नाही. लॅपटॉप बॅटरीवर होता, विजेशी त्याचा काही संबंध नव्हता. मी ती माझ्या हातानं पुसली, कारण मागं चटणीचा आवाज होता आणि लोक मला हसतील अशी मला भीती वाटली. त्यानं तुमचं नाव घेतलं होतं, वहिनी. नीट घेतलं होतं, अडखळला नाही. ते मी एकट्यानं ऐकलं आणि घालवलं, आणि वर तुम्हाला वाटू दिलं की तुमच्यामुळे गेलं. तुमचा काही दोष नव्हता. मला माफ करा.