मालकाच्या बापाच्या मिशा

"ठेव तिथं खाली. अन् मांगं सरक."

मालक ओट्यावरून बोलला. मी त्याच्या मेलेल्या बापाचं चित्र अंगणात पाटावर टेकवलं अन् मांगं सरकलो. सौसरजवळ त्याच्या संत्र्याच्या बागा. माही आई त्याच बागेत मजुरीले जाय. मी पांढुर्ण्यात, लोधीखेड्यात दुकानांचे बोर्ड रंगवत होतो, पण जीव सारा माणसं काढण्यात. ऐंशी सालानंतरची गोष्ट.

हे माहं पहिलं माणसाचं चित्र. काढलं कुठं बसून? गोठ्यात. आम्ही बौद्ध, घरात कोण घेते! मालकानं बापाचा फोटू वरूनच हातात टाकला, बोटाले बोट लागू नये म्हणून. फोटूवर चौकोन आखले, कागदावर मोठे आखले, अन् एकेक चौकोन भरत गेलो. बैल मले हुंगून जात. ते काही बाटले नाही.

वर्षश्राद्धाचा दिवस. मालकाची म्हातारी माय बाहेर आली, चित्र पाहून रडली. "हुबेहूब आहे वं माय!" म्हणे. मले लय बरं वाटलं. वाटलं, आता तरी कोणी 'बस' म्हणन.

कायचं काय! मालकानं गोमूत्राचा तांब्या मागवला. आमच्या हातचं चित्र देवघराशेजारी लागणार, मंग शुद्ध नको कराले? शिंपडलं लेकाच्यानं, चांगलं ओंजळ भरभरून. रंग पाण्यात कालवलेला. मिशा सुटल्या, हनुवटीवर आल्या, तिथून कोटावर. डोळे गालावर उतरले.

मले हासू आलं. दाबलं नाही.

"हासतं काय बे? पुन्हा काढ. आता ऑइल पेंटनं काढ, मंजे शिंपडलं तरी उतरणार नाही."

पहा अक्कल! बापाचं थोबाड सोताच्या हातानं धुतलं, अन् चूक रंगाची.

म्या म्हटलं, "मालक, माह्या हाताचा विटाळ होते नं? मंग तुमचा बाप माह्या हातून पुन्हा नाही निघत."

दुसऱ्या दिवशी आईचं काम बंद. मी घरात तोंड लपवून बसलो होतो. ती संत्र्याची रिकामी पेटी पालथी घालून समोर बसली. "भेतं कायले? घे ब्रश. आता माहं तोंड काढ."

काढलं. ऑइल पेंटनंच काढलं, बोर्डाच्या डब्यातल्या. ती सरळ माह्याकडे पाहून राहिली होती. बागेत तिनं नजर कधी वर केली नव्हती.

मंग नागपूर, मंग लंडन. इथं माह्या चित्रांना लोक येतात आता. एक गॅलरीवाला, गळ्यात रेशमी रुमाल, हातात वाइन, आईच्या चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला. त्याच्या इंग्रजीचा मतलब येवढाच: बाई फार रागानं पाहते, नजर थोडी खाली करून द्या, लोकांना घरात लावाले बरं पडन.

वा रे शहाण्या! सात समुद्र ओलांडून आलो, तं इथंही तांब्या तयारच.

चित्र खिळ्यावरून काढलं, बगलेत मारलं अन् घरी आणलं. मी माणसंच काढून राहिलो, माहीच माणसं, अन् सारी समोर पाहणारी. एकाचीही पापणी मी खाली करणार नाही. ज्याच्या घराले ते डोळे झेपत नसन, त्यानं आपली भिंत कोरी ठेवावी.