नरेशच्या वाटणीचं ऊन

माझा नवरा नरेश मेश्राम सिंगापुरात राहून उन्हाला महाग झाला, असं मी सांगितलं की लोकांना थट्टा वाटते. पण रिपोर्ट आहे आमच्याकडे.

सेम्बावांगचा फ्लॅट त्याने निवडला तोच मुळी स्टेशनपासून लिफ्टपर्यंत छपराखालची वाट आहे म्हणून. बुओना व्हिस्टाच्या त्याच्या लॅबला खिडकी नाही. धावण्याचं वेड, पण तेही पहाटे साडेपाचला, उजाडायच्या आत. मी त्याला वटवाघूळ म्हणायचे.

याचं मूळ भंडाऱ्याला. माझ्या सासूबाई, प्रेमलाबाई, लोकांच्या शेतात भाताच्या रोवणीला जायच्या. लहानगा नरेश मागे लागला की त्याला परत पाठवायच्या. तुझं काम सावलीत, पुस्तक घेऊन बस म्हणायच्या. तो बसला, शिकला, इंजिनिअर झाला. आणि सावलीतून उठायचंच विसरला.

२००६च्या डिसेंबरात हाफ मॅरेथॉनमध्ये सोळाव्या किलोमीटरला तो फूटपाथवर बसला तो बसलाच. पुढे कित्येक महिने पाय जड. ऑगस्टमध्ये मी त्याला चोआ चू कांगच्या एका डॉक्टरकडे ओढत नेलं. रक्त तपासलं तर बाकी सगळं ठीक, फक्त ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं. नरेशला तो अपमान वाटला. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की अंधारात धावून ते मिळत नाही, आपल्यासारख्या सावळ्या कातडीला ऊन जरा जास्तच लागतं, आणि ते फार कमी झालं तर स्नायू कमजोर होतात. पाय त्यामुळेच थकतात असं मात्र ते छातीठोकपणे सांगेनात. गोळ्या दिल्या, शिवाय दुपारी वीस मिनिटं हातपाय उघडे टाकून उन्हात बसायला सांगितलं.

ऑक्टोबरात सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. नरेशने डिसेंबरच्या शर्यतीला पुन्हा नाव नोंदवलं होतं. आईने त्याला कधी धावताना पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत ती शेवटची रेषा ओलांडायची, एवढंच त्याच्या मनात होतं. पण उन्हाचं औषध आईला सांगायची त्याची छाती होईना. शनिवारी दुपारी लायब्ररीचं नाव सांगून तो खालच्या बाकावर जाऊन बसायचा. बेचाळीस वर्षांचा माणूस!

आमच्या लेकीने, क्षिप्राने, बिंग फोडलं. खिडकीतून पाहून तिच्या सिंगापुरी हेलात म्हणाली, "डॅडी खाली उन्हात बसलाय, लाह."

सासूबाई तशाच अनवाणी लिफ्टने खाली. मी त्यांच्या मागे.

"काहून बसला रे उन्हात?"

नरेश उघडे हात मागे लपवायला लागला. मग मीच सगळं सांगितलं, रिपोर्टसकट. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या मला म्हणाल्या, "एवढं ऊन मी अंगावर काढलं ते याला सावली भेटावी म्हणून. मीच चुकली का मग?"

नरेश रडायच्या बेतात होता. मला त्याचा राग आला आणि कीवही. म्हटलं, "आई, तुम्ही नाही चुकलात. यानं सावलीचा अतिरेक केला."

त्यांनी किती मिनिटं बसायचं ते विचारलं, आणि बाकावर त्याच्या शेजारी बसल्या. पुढे रोजच हा कार्यक्रम झाला. ऑफिसच्या दिवशी तो जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या अंगणात बसायचा आणि बसल्याचं फोनवर आईला कळवायचा.

डिसेंबरात पाय हलके झाले होते. गोळ्यांनी, उन्हाने की आईला सांगून टाकल्याने, कुणास ठाऊक.

शर्यतीच्या दिवशी सासूबाई सातपासून शेवटच्या रेषेजवळ उभ्या. मंडपात खुर्च्या होत्या, मी दोनदा बोलावलं; त्या हलल्या नाहीत. इथून पोरगा दिसेल म्हणाल्या. नऊच्या सुमाराला नरेश आला. वेग काही सांगण्यासारखा नव्हता, पण कुठेही न बसता, पळतच आला. रेषा ओलांडली आणि सरळ आईपाशी येऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

सासूबाईंनी सवयीने पदर ओढून त्याच्या डोक्यावर सावली धरली. क्षणभर थांबल्या. मग स्वतःच तो बाजूला घेतला आणि त्याच्या घामेजल्या केसांवर ऊन पडू दिलं.