व्हेराच्या गुठळ्या आणि बर्फाची बादली

व्हेरा कोवालचुकनं सत्तावीस वर्षं हातानं नळ्या कलंडवल्या. कोमट पाण्यात काचेची नळी धरायची, दर अर्ध्या मिनिटाला तिरकी करायची आणि बघायचं: रक्ताची गुठळी अजून धरून बसलीय की विरघळून वाहायला लागलीय. आमच्या हॅमिल्टन शहरातल्या प्रयोगशाळेत या कामाची दोन यंत्रं होती. पण ती म्हणायची, "यंत्राला आकडा दिसतो गं रोझाल्बा, मला गुठळी दिसते." मी रक्त काढणारी बाई. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

तिचा बाप पोलादाच्या भट्टीवर कामाला होता, आणि तिचं शिक्षण दोन वर्षांच्या पदविकेपुरतं. मोठमोठ्या पदव्यांची मंडळी यायची, तिच्याकडून नळी धरायला शिकायची आणि आपापल्या निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात तिचे आभार मानून निघून जायची. आभार! ते काय चाटायचेत? माझा नुसता जळफळाट व्हायचा. ही बया मात्र पुढची नळी उचलायची.

मग तिला एक गोष्ट सापडली. पायात दुसऱ्यांदा गुठळी झालेल्या रोग्यांचं रक्त आमच्याकडे होतं. गुठळी विरघळवणारं औषध सगळ्या नळ्यांत सारखंच, तरी धडधाकट माणसाची गुठळी चाळीस मिनिटांत वाहू लागायची आणि या रोग्यांची सत्तर मिनिटं ओलांडायची. पाच वर्षं खपून तिनं कारण शोधलं. गुठळी म्हणजे धाग्यांचं जाळं, आणि त्या धाग्यांना टाके घालणारं एक प्रथिन या लोकांत फारच जोमानं काम करत होतं. आमचे प्रमुख डॉक्टर मन्रो तसे कंजूष तोंडाचे, पण त्या दिवशी म्हणाले, "निबंधावर पहिलं नाव व्हेराचं."

निबंध छापून आला. व्हेराच्या आईनं, म्हणजे शहाऐंशी वर्षांच्या पारास्कामावशीनं, त्याचं पहिलं पान चौकटीत घालून स्वयंपाकघरात मेरीमातेच्या तसबिरीखाली टांगलं. म्हातारीला इंग्रजी धड वाचता येत नाही, पण कोवालचुक तेवढं वाचता येतं. येईल जाईल त्याला वारेनिकी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खायला घालून ती ते बोटानं दाखवायची.

वर्षभरात पत्र आलं. पश्चिमेकडच्या एका प्रयोगशाळेतले डॉक्टर लॉकहार्ट लिहीत होते: तुमची कृती आम्ही शब्दन् शब्द पाळली, दोन्ही गटांत काडीचाही फरक नाही. नियतकालिकानं कळवलं की एकत्र बसून प्रयोग करून दाखवा, नाहीतर निबंध मागे घ्या.

व्हेरानं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "आईच्या भिंतीवरून ते उतरवायचं कुणी, रोझाल्बा?"

"उतरवतेय कोण! येऊ दे त्या शहाण्याला," मी म्हटलं.

लॉकहार्ट आले. माणूस वाईट नव्हता, पण हातमोज्यावर हातमोजा घालणारा. आमच्याच गोठवलेल्या रक्तद्रवाच्या, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेल्या पाण्याच्या, नळ्या दोघांनी वापरायच्या; कुठली रोग्याची आणि कुठली धडधाकट माणसाची ते फक्त माझ्याजवळच्या बंद पाकिटात, असं ठरलं.

आल्या आल्या त्यांनी मागितली बर्फाची बादली.

"बर्फ कशाला?" व्हेरानं विचारलं.

"वितळवायला. प्रथिनं नाजूक असतात, बाई. आम्ही सगळं बर्फावरच हळूहळू वितळवतो."

व्हेराची नजर त्या नळ्यांवरून हलेना. दोन तासांनी नळ्यांच्या तळाशी पांढरा, कापसासारखा साका दिसायला लागला. लॉकहार्टनी नळ्या थंड यंत्रात गरगर फिरवल्या, वरचं नितळ पाणी घेतलं आणि साका टाकायला हात उचलला.

"थांबा!" व्हेरा एवढ्या जोरात ओरडली की डॉक्टर मन्रो दारातून आत आले. "अहो, ती घाण नव्हे! धागे आणि टाके घालणारं प्रथिन, दोन्हींचा मोठा वाटा त्याच्यात आहे. थंडीत तेच तर तळाशी बसतात. तुम्ही शिंपी हाकलून दिलात आणि शिवण कुठाय म्हणून विचारताय!"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो हाच. लॉकहार्ट लाल झाले. "पण तुमच्या निबंधात नुसतं 'वितळवून' लिहिलंय. कसं, ते कुठाय?"

आता व्हेरा लाल झाली. "नाहीय," ती म्हणाली. "मी कोमट पाण्यात वितळवते. पाच मिनिटं, हलवत हलवत. ते लिहावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी."

लॉकहार्टनी नव्या नळ्या घेतल्या आणि या वेळी कोमट पाण्यात स्वतःच्या हातानं वितळवल्या. व्हेराला त्यांनी हातही लावू दिला नाही. आणि दोन्ही यंत्रं सोडून, तिच्याचसारखं, नळ्या कलंडवत बसले. चाळीस मिनिटांनी निम्म्या गुठळ्या वाहिल्या. उरलेल्या हलेनात. पन्नास झाली. साठ झाली. बहात्तराव्या मिनिटाला पहिली सुटली. मी पाकीट फोडलं. अडून बसलेली प्रत्येक नळी रोग्याची होती, एकही चुकली नाही!

लॉकहार्टनी हातमोजा काढला आणि व्हेराचा हात हातात घेतला. "बाई, सत्तावीस वर्षांत हे तुम्ही कुणाला शिकवलं नाहीत?"

"शिकवलं की," मी मध्येच तोंड घातलं. "ते सगळे आभार मानून गेले!" मन्रोंनी खाली पाहिलं. माझ्या जिवाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू!

पुढच्या अंकात दोन गोष्टी छापून आल्या. लॉकहार्टचा निबंध: कोवालचुक यांचं म्हणणं खरं आहे. आणि व्हेराची तीन ओळींची दुरुस्ती: रक्तद्रव कोमट पाण्यात वितळवावा, बर्फावर नव्हे, हे लिहायचं माझ्याकडून राहिलं. आता सगळीकडच्या प्रयोगशाळा तिची ओळ वाचून नळ्या वितळवतात.

रविवारी आम्ही दोघी ते घेऊन पारास्कामावशीकडे गेलो. म्हातारीनं दोन्ही कागद उलटेसुलटे पाहिले. लॉकहार्टच्या निबंधावर कुणाकुणाची सात नावं होती, दुरुस्तीखाली एकच.

"हे चुकीचं पान आहे, आई," व्हेरा म्हणाली. "माझ्या चुकीचं."

"पण नाव तुझं एकटीचं आहे ना?" म्हातारी म्हणाली, आणि स्टुलावर चढून तिनं जुनी चौकट काढली. "मग आता भिंतीवर हेच लागेल."